सार्वजनिक शिकाररानात 'आधी येईल त्याची जागा' हा न्याय पुरेसा आहे का?

रानोमाळ

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणाच्या बंदुकीच्या शिकारीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) शनिवारी सुरू होतो. 1963 पासून तो सोमवारी सुरू होत असे. 2019 मध्ये राज्याच्या गेम कमिशनने, म्हणजे शिकारीचा कारभार पाहणाऱ्या खात्याने, शनिवार ठरवला आणि नोकरदार माणसाला रजा न टाकता पहिला दिवस साधता येऊ लागला. त्याबरोबरच, ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही ते सगळे एकाच पहाटे सार्वजनिक रानात उतरू लागले. जमीन कमी आहे असे नाही. 1920 पासून मुख्यतः शिकाऱ्यांच्याच पैशातून घेतलेल्या 'गेम लँड्स', म्हणजे शिकारीसाठी खुल्या सार्वजनिक जमिनी, सुमारे 15 लाख एकर आहेत आणि राज्याची वने सुमारे 22 लाख एकर आहेत. परंतु गाड्या लावण्याच्या जागा मोजक्या असतात, आणि बहुतेकांची पावले तिथून फार लांब जात नाहीत.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषय संपल्यात जमा आहे, आणि शिकार मुळात योग्य की अयोग्य हा प्रश्न मोठा आहे. त्यासाठी कोणीतरी स्वतंत्र धागा काढावा. इथे प्रश्न इतकाच आहे की, एका रानावर सारखाच हक्क असलेल्या सशस्त्र अनोळखी माणसांनी एकमेकांशी वागावे कसे.

माझे मत असे की, सार्वजनिक रानात हक्क त्या सकाळपुरता असतो. झाडावर किंवा टेकाडावर कोणाचाच नसतो. गेम लँड्सवर हंगामाच्या दोन आठवडे आधीपासून मचाण टांगून ठेवता येते, त्यावर मालकाची ओळखचिठ्ठी लावावी लागते, झाडाला इजा करता येत नाही, आणि हंगामानंतर दोन आठवड्यांत ते उतरवावे लागते. पण म्हणून जागा राखीव होत नाही. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्याला जितका हक्क मिळतो, तितकाच या मचाणाने मिळतो.

मात्र, त्या सकाळी जो आधी पोहोचला त्याचा मान पूर्ण राखलाच पाहिजे. अंधारात पुढे दिवा दिसला किंवा फांद्यांत शिकाऱ्याच्या कपड्यांचा भडक नारिंगी रंग दिसला, तर तिथून मुकाट्याने, तोही त्याच्या समोरून न जाता मागच्या अंगाने, वळावे. शक्य असेल तर गाडीतळावरच बोलून घ्यावे. 'आपण कोणत्या अंगाला बसणार?' असे विचारून बॉनेटवर नकाशा पसरला की दोन मिनिटांत निम्मे प्रश्न मिटतात, आणि समोरचा माणूस तिथून पुढे केवळ एक नारिंगी ठिपका राहत नाही.

दिव्याबाबतही सांगतो. हरीण बुजेल या भीतीने अंधारात दिवा न लावता चालणारे बरेच जण भेटतात, आणि ते मला चुकीचे वाटते. हलता दिवा माणसाचाच असतो. हलती सावली कशाचीही असू शकते. उजाडल्यानंतर कोणी आपल्या दिशेने येताना दिसला, तर हात हलवू नये आणि शीळही घालू नये. स्वच्छ, मोठ्या आवाजात 'मी इथे आहे' असे बोलावे. हरणाच्या शोधात असलेली नजर हालचालीवरच आधी जाते, हे हात वर करणारा विसरतो.

आणि दुसऱ्या शिकाऱ्याला बंदुकीवरच्या दुर्बिणीतून न्याहाळणे हा मी सर्वांत मोठा उद्धटपणा समजतो. गळ्यात साधी दुर्बीण असताना बंदूक उचलून आपल्याकडे पाहणारा माणूस त्या क्षणी आपल्यावर नेम धरून उभा असतो; त्याचे बोट चापाबाहेर आहे की नाही, हे समोरच्याला कधीच कळत नाही.

स्पष्टवक्ता

शेवटच्या दोन परिच्छेदांशी पूर्ण सहमत. रुमालाच्या उपमेशी पूर्ण असहमत. रुमाल टाकायला एक क्षण लागतो. चांगली जागा सापडायला उन्हाळा जातो. ओकच्या कोणत्या झाडांना यंदा फळ धरले आहे, नराने कोणत्या रोपांच्या साली शिंगांनी घासून काढल्या आहेत, वायव्येचा वारा सुटला तर आपला वास कोणत्या घळीत उतरतो, हे सगळे पाहावे लागते. त्यानंतर मचाण खांद्यावर घेऊन चढ चढायचा, पट्ट्यांनी ते झाडाला आवळायचे, आणि पहिल्या दिवशी पाहावे तर तिथे एक गृहस्थ बसलेले; कारण त्यांनी आदल्या रविवारी आपल्या पाऊलखुणा पाहिल्या. कायद्याने त्यांचे काही चुकलेले नाही. पण सौजन्याचा प्रश्न कायदा संपतो तिथेच सुरू होतो ना?

दुसरे असे की, 'आधी येईल त्याचा मान' हे ऐकायला न्याय्य वाटते, पण प्रत्यक्षात ती अंधारातली शर्यत होते. कोणी पहाटे तीनला येतो म्हणून दुसरा दोनला येतो, तिसरा थंडीत गाडीतच झोपतो. मग अर्धवट झोपलेली माणसे भरभर चढ चढतात आणि घामाघूम होऊन मचाणावर पोहोचतात. दमलेला माणूस सुरक्षापट्टा बांधण्याचा कंटाळा करतो, आणि भरलेली बंदूक खांद्याला लावून वर चढतो. खरे तर ती रिकामी करून, आधी वर जाऊन, मग दोरीने ओढून घ्यायची असते. मचाणावरून पडून दुखापत होणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. ज्याची जागा लोक मानतात, तो सावकाश येतो.

पॉटर काउंटीसारख्या भागात अशी कुटुंबे आहेत, की ज्यांचे आजोबा डोंगराच्या ज्या धारेवर बसत तिथेच आज नातू बसतो, आणि आसपासचे लोक ते मानतात. त्यांच्याकडे कागद नाही, पण भांडणही नाही. ही जुनी समजूत मोडून काढण्यात कोणाचे भले आहे?

विदुला

मी शिकार करत नाही. याच रानांतून चालते. अ‍ॅपलाचियन या लांब पल्ल्याच्या डोंगरी पायवाटेचा या राज्यातला बराच भाग गेम लँड्समधून जातो, हे वरच्या दोघांनी लक्षात घेतलेले दिसत नाही. 'सशस्त्र अनोळखी माणसे' एकमेकांशी कशी वागतात यावर इतके लिहिले, पण निःशस्त्र अनोळखी माणूस यात कुठेच नाही.

नोव्हेंबर 15 ते डिसेंबर 15 या काळात गेम लँड्सवर आम्हालाही 250 चौरस इंच भडक नारिंगी अंगावर घालावे लागते, आणि मी ते विनातक्रार घालते. पूर्वी रविवारी बहुतेक शिकारीला बंदी होती, म्हणून तो दिवस आमचा असे. 2019 च्या कायद्याने काही रविवार शिकारीला दिले आणि 2025 मध्ये ती बंदीच कायद्यातून काढून टाकली. परवान्याचे पैसे शिकारी भरतात, हे मान्य आहे. पण पायवाटेकडे तोंड करून बसू नये, एवढी साधी अपेक्षा तरी आम्ही करावी की नाही?

रानोमाळ

विदुलाताई, अपेक्षा रास्त आहे. पायवाटेवरून बाजूला होऊन, तिच्याकडे पाठ करून बसणे यात शिकाऱ्याचे काहीच जात नाही. वर्दळीच्या वाटेवर भर दिवसा हरीण तसेही फारसे येत नाही. आपणही कुत्रा बरोबर असेल तर त्याला नारिंगी पट्टा बांधावा, आणि कोणी मचाणावर दिसला तर थांबून गप्पा न मारता हात दाखवून पुढे जावे. (वर मी हात हलवू नये म्हटले, ते ज्याने आपल्याला अजून पाहिलेले नाही त्याच्यासाठी. नजरानजर झाल्यावर हात दाखवायला हरकत नाही.)

स्पष्टवक्ते, श्रमाबद्दल आपण लिहिलेत ते खरे आहे, पण श्रमाने खाजगी जमिनीवरही मालकी मिळत नाही, मग सार्वजनिक जमिनीवर कशी मिळावी? ज्याला दोन मुले आहेत, शनिवारी काम आहे आणि उन्हाळाभर रान धुंडाळायला सवड नाही, त्याने तोच परवाना घेतला आहे. उत्तम जागा सवड असलेल्यांनी वाटून घेतल्या, तर त्याला उरते काय? गाडीतळाशेजारची झुडपे.

आणखी एक गोष्ट आपण सोडलीत. गर्दीच्या रानात दुसरा माणूस हा नेहमीच तोटा नसतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास थंडीने काकडलेले लोक मचाणावरून उतरतात, फिरू लागतात, गाडीकडे कॉफी प्यायला जातात. त्या वावराने हरणे उठतात, आणि जो दाट झाडीच्या कडेला दुपारपर्यंत स्वस्थ बसून राहतो त्याच्यापुढे येतात. दुसऱ्याचे मचाण हेरण्यापेक्षा दुसऱ्याच्या सवयी हेरणे अधिक फळते.

उत्तरकडचा

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. स्पष्टवक्त्यांनी ज्या 'जुन्या समजुती'चे कौतुक केले, तिच्याविषयी थोडे लिहितो. 21 नोव्हेंबर 2004 रोजी आमच्या राज्यातल्या सॉयर काउंटीत एका ह्मोंग (आग्नेय आशियातून आलेल्या समाजातल्या) शिकाऱ्याला दुसऱ्याच्या खाजगी जमिनीतल्या मचाणावरून उठवण्यात आले. बाचाबाची झाली, वांशिक शिवीगाळ झाल्याचा त्याचा दावा होता, आणि त्याने केलेल्या गोळीबारात सहा माणसे मेली. त्याला जन्मठेप झाली, ती योग्यच होती. पण पुढे जानेवारी 2007 मध्ये पेश्टिगो नदीजवळच्या सार्वजनिक रानात खारींच्या शिकारीला गेलेल्या एका ह्मोंग माणसाचा दुसऱ्या शिकाऱ्याने खून केला. तिथे कोणी कोणाच्या हद्दीत शिरले नव्हते. जमीन दोघांची सारखीच होती.

समजूत ही ज्यांच्यात असते त्यांच्यापुरती असते. आजोबांची धार कोणती हे मला कोणी सांगितलेले नाही, आणि ती चुकून ओलांडली तर माझा चेहरा पाहून समोरचा काय ठरवील, हे मला ठाऊक नसते. आपल्यापैकी जे थोडे लोक इथे शिकार करतात, त्यांनी म्हणूनच लेखी नियमाचा आग्रह धरावा असे माझे मत आहे. ज्यात मी कोण हे मोजले जात नाही, असा 'आधी येईल त्याची जागा' हा एकच न्याय आहे.

स्पष्टवक्ता

आपण दिलेल्या दोन्ही घटना गंभीर आहेत आणि त्यांना मी शिष्टाचाराचा प्रश्न म्हणणार नाही. ते गुन्हे आहेत. परंतु त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. पहिल्या घटनेत नियम स्वच्छ होता, जमीन खाजगी होती, तरी माणसे मेली. म्हणजे नियम असणे पुरेसे नाही. हटकणारा कसा हटकतो आणि ज्याला हटकले तो कसा निघून जातो, यावर सगळे अवलंबून असते. समजूत फक्त ओळखीच्यांत चालते, हे मात्र मान्य करतो. नवा माणूस दिसला तर त्याला ती सांगण्याची जबाबदारी जुन्याची आहे, आणि ती आवाज न चढवता पार पाडता आली पाहिजे.

गवाक्ष

आपण सगळे झाडाबद्दल बोलत आहात, गोळीबद्दल कोणीच बोलत नाही. रायफलची गोळी कित्येक किलोमीटर जाऊ शकते. वस्तीच्या घरापासून 150 यार्डांच्या आत बंदुकीने शिकार करायची नाही, असे या राज्यात कायदा सांगतो. पण दोन शिकाऱ्यांमध्ये किती अंतर हवे, याचा आकडा कुठेच नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, गर्दीच्या गेम लँड्सवर पहिल्या दोन दिवसांसाठी सोडत काढावी आणि क्रमांक घातलेल्या जागा वाटाव्यात. काही उद्यानांत आणि राखीव क्षेत्रांत सोडतीनेच शिकार होते, आणि तिथे हे वादच उद्भवत नाहीत.

हाक्याचाही विचार व्हावा. पेनसिल्व्हेनियात पंचवीस जणांपर्यंतच्या टोळीला रान हाकलण्याची मुभा आहे. एवढी माणसे ओरडत एका घळीतून वर येतात, धारेवर त्यांचे नेमबाज उभे असतात, आणि मध्ये एकटा बसलेला शिकारी दोन्हींच्या मध्ये सापडतो. त्याने आधी येऊन काय मिळवले?

रानोमाळ

हाक्याबाबत आपण म्हणता ते बरोबर आहे. टोळीने हाका घालण्यापूर्वी त्या पट्ट्यात कोणी बसले आहे का हे फिरून पाहावे, आणि बसले असेल तर दुसरी घळ धरावी; हे न पाळणारी टोळी मला एकट्या उद्धट माणसापेक्षा अधिक धोक्याची वाटते. सोडतीला मात्र माझा विरोध आहे. लाखो एकर डोंगराळ रानाला क्रमांक घालायचे कोणी आणि राखायचे कोणी? शिवाय क्रमांकाने अंतर मिळते, पण धार ओलांडून पलीकडे गेलेल्या गोळीला क्रमांक कळत नाही. सावजामागे माती दिसत नसेल, आभाळ दिसत असेल, तर बार टाकायचा नाही, हा नियम तिथेही ज्याचा त्यालाच पाळावा लागणार.

स्पष्टवक्ता

एक प्रश्न अजून कोणी काढलेला नाही, आणि अनुभव असा की भांडणे तिथेच अधिक होतात. माझ्या गोळीने जखमी झालेले हरीण शेदोनशे यार्ड धावत तुमच्या मचाणाखाली आले आणि तुम्ही ते पाडले, तर ते कोणाचे? आमच्याकडची रीत अशी की, पहिला घाव जिवावरचा असेल तर हरीण पहिल्याचे, नुसता ओरखडा असेल तर पाडणाऱ्याचे. ठरवायचे दोघांनी मिळून, आधी बंदुका रिकाम्या करून आणि रक्ताचा माग उलटा पाहत जाऊन. 'आधी येईल त्याचे' हा आपला न्याय इथे कसा लावणार, ते रानोमाळ यांनी सांगावे.

रानोमाळ

इथे तो लागत नाही. माग काढत आलेल्या माणसाला मी अडवणार नाही, आणि वाद होतोय असे दिसले तर हरीण सोडून देईन. मांस दुसऱ्या दिवशीही मिळते. पण मचाणाच्या बाबतीत माझे मत बदललेले नाही.