डिजिटल चित्रासाठी कॅनव्हास केवढा घ्यावा?

कोरी_पाटी:
टॅबलेटवर चित्रं काढायला लागले आहे. नवी फाईल उघडली की रुंदी, उंची, डीपीआय विचारतात आणि मी तिथेच अडते. आजवर १०८० × १०८० वर काढत आले. मोबाईलवर छान दिसतं, पण आता एक चेहरा ए४ कागदावर छापायचा आहे आणि पापण्या पायऱ्यापायऱ्यांच्या दिसताहेत. डीपीआय ७२ चा ३०० केला, काही फरक नाही. ८००० × ८००० घेतलं तर लेयर (चित्राचे एकावर एक थर) मोजकेच मिळतात. मग घ्यायचं काय?

शाईदौत:
डीपीआयचा आकडा फक्त एवढंच सांगतो की छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे. तो वाढवला म्हणून पिक्सेल वाढत नाहीत. ए४ ची रुंदी ८.२७ इंच. त्यात तुमचे १०८० पसरले की इंचाला जेमतेम १३० येतात, पापण्या तुटणारच. ३०० ने पूर्ण ए४ हवा असेल तर २४८० × ३५०८ घ्या. चित्र चौरसच ठेवायचं असेल तर २४८० × २४८० पुरे.

८००० चा मोह मात्र सोडा. बाजू दुप्पट की पिक्सेल चौपट. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता यांना प्रत्येकी ८ बिट धरले तर एका पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे तेवढ्या कॅनव्हासचा एक भरलेला लेयर सुमारे २५६ एमबी. ए४ चा ३५ एमबी. पण मला खरी काळजी मेमरीची नाही. अवाढव्य कॅनव्हासवर आपण झूम करून एकेक केस रंगवत बसतो आणि मागे येऊन पाहावं तर डोळे वरखाली झालेले! चेहऱ्याची ठेवण आधी लहान आकारात पक्की करा, बारकावे नंतर. फक्त स्क्रीनसाठी काढायचं असेल तर मी लागणाऱ्या मापाच्या दुप्पट घेतो. लहान करताना रेषा नितळ होतात.

कागदवेडी:
रंग कागदाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कागद कापताना निघून जाणारी जादा पट्टी) धरा, म्हणजे २५५१ × ३५७९. छापणाऱ्याला माप आधी विचारलेलं बरं. लांबून बघायच्या पोस्टरला १५० डीपीआयही चालतो.

कोरी_पाटी:
मग आहे तेच चित्र मोठं करून चालेल?

शाईदौत:
छापायला नाही, पुसट होईल. पण कच्चं रेखाटन म्हणून उत्तम. नव्या कॅनव्हासवर ताणून खालच्या लेयरवर ठेवा, अपारदर्शकता २० टक्क्यांवर आणा आणि वर नव्याने रेषा ओढा. पापण्या सगळ्यात शेवटी.