८६ डेसिबलच्या स्पीकरला किती वॅटचा ॲम्प घेऊ? एक ट्विटर जळालाय

मागाशेजारी, सोलापूर

मंडळी, नमस्कार. राहायला अशोक चौकाच्या मागं. बैठकीची खोली १२ बाय १५ फूट, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. दोन घरं सोडून यंत्रमागाचं शेड आहे. सकाळी आठ ते रात्री आठ खडखडाट सुरू असतो, त्याची लहानपणापासून सवय आहे.

स्पीकर दोन वर्षांपूर्वी घेतले. साडेसहा इंची वूफर (खालच्या, जाड आवाजाचा) आणि कापडी डोमचा ट्विटर (वरच्या, बारीक आवाजाचा), ८ ओम, ८६ डेसिबल. मागच्या पट्टीवर 'कमाल १०० वॅट' लिहिलंय. मी बसतो साधारण ३ मीटरवर. ॲम्प, म्हणजे स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर, ऑनलाइन मागवलेला, तळहाताएवढा, कमी तापणाऱ्या क्लास डी जातीचा डबा. त्यावर '१०० + १०० वॅट' छापलंय. अडॅप्टर जुन्या लॅपटॉपचाच लावलाय, १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर. ऐकणं म्हणजे भीमसेनजी, कुमारजी, तबला सोलो आणि ढोलकीवरच्या जुन्या लावण्या.

गेल्या रविवारी दुपारी तबला सोलो लावला होता. माग सुरू होते म्हणून आवाजाचा नॉब घड्याळातल्या तीनच्या खुणेपर्यंत फिरवला. चाटीचा (तबल्याच्या कडेवरच्या बोलाचा) आवाज आधी पत्र्यासारखा झाला, दहा-पंधरा मिनिटांनी उजवा स्पीकर एकदम बोळा घातल्यागत वाजायला लागला. ट्विटर गेला. नवा १,४०० रुपयांना आहे.

१०० वॅट झेपणारा स्पीकर १०० वॅटच्या ॲम्पनं जळतोच कसा? दुकानदार म्हणतो, आता कमी वॅटचा घ्या म्हणजे पुन्हा जळणार नाही. बजेट ३० हजार. काय करू?

पेठेतला श्रोता, पुणे

दुकानदाराचं म्हणणं मला पटतं. स्पीकरवर १०० लिहिलंय ना, मग ५० चा ॲम्प घ्या आणि नॉब अर्ध्याच्या पुढे नेऊ नका. माझ्याकडे हेच चाललंय आणि काही बिघडलेलं नाही.

जुना रेडिओवाला, सोलापूर

पुण्याच्या दादांचं चाललंय ते चांगलंच आहे, पण त्यांच्या शेजारी माग नाहीत. नॉब किती फिरला यावरून वॅट कळत नाहीत. ॲम्पला जोडलेला फोन मोठ्यानं लावला तर दहा वाजताच्या खुणेवरच ॲम्पचा दम संपतो, फोन बारीक असला तर तीनवरसुद्धा जागा उरते.

मी नव्या पेठेजवळ ३४ वर्षं दुरुस्ती करतो. जळालेले ट्विटर शेकड्यानं उघडले असतील. डोम उचलला की कॉइल दिसते, केसाएवढी तार. चांगली असते तेव्हा तांब्याच्या रंगाची चकचकीत. जळाली की वरचं लॅकर काळपट-तपकिरी होतं, त्याचा एक गोडसर करपट वास दुकानात तासभर जात नाही. मल्टिमीटर लावला तर पाच-सहा ओम दाखवायच्या ऐवजी काहीच दाखवत नाही. त्यातले फार थोडे मोठ्या ॲम्पनं जळालेले होते. बहुतेक तुमच्यासारखेच, छोट्या ॲम्पची मान पिरगाळून.

मालक, तुमचा ॲम्प १०० चा नाहीच. अडॅप्टर बघा की. १९ गुणिले ३.४२, म्हणजे ६५ वॅट. भिंतीतून ६५ आत येतात तर दोनशे बाहेर कुठून येणार? शिवाय १९ व्होल्टात ८ ओमच्या स्पीकरला एका बाजूनं जेमतेम २० वॅट स्वच्छ मिळतात. त्याच्या पुढं लाटेचं डोकं कापलं जातं, त्याला क्लिपिंग म्हणतात. बायाची (डग्ग्याची) घुमक कापली गेली तरी नॉब वाढवाल तसा चाटीचा आवाज वाढतच राहतो, म्हणजे ट्विटरच्या वाट्याला त्याच्या हिश्शापेक्षा जास्त जातं. त्यात कापलेल्या लाटेतून तयार झालेला वरच्या पट्टीचा कचराही ट्विटरकडंच. स्पीकरवरचे १०० वॅट हे अख्ख्या पेटीचे आहेत, त्यात बहुतेक भार वूफरचा. एकटा ट्विटर सतत सोसू शकतो ते काही वॅटच. 'पत्र्यासारखा आवाज' झाला तिथंच हात मागं घ्यायचा होता. ते कुणी सांगितलेलं नसतं, त्यात तुमची चूक नाही.

आता गरज किती ते बघू. ८६ डेसिबल म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८६. ३ मीटरवर मोकळ्यात साडेनऊ कमी होतात, पण स्पीकर दोन आहेत आणि तुमची खोली फरशी-स्लॅबची, ती थोडं परत देते. धरा ८२. रात्री निवांत ऐकताना सरासरी ७५ पुरतं, त्याला पाव वॅटसुद्धा लागत नाही. तानपुरा आणि आलाप त्यातच होतो. पण तबल्याची थाप सरासरीच्या १५-२० डेसिबल वर उडी मारते. ९५ गाठायचं तर ८२ च्या वर १३, म्हणजे २० वॅट. तुमचा ॲम्प बरोबर तिथं संपतो.

आणि माग सुरू असताना तुम्ही नकळत सहा डेसिबल वाढवता. दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट. सहाला चौपट. विसाचे ऐंशी झाले! तुमचं खरं दुखणं इथं आहे.

माझ्या अंदाजावर जाऊ नका, घरी मोजून बघा. १०० हर्ट्झचा टोन, उणे १२ डेसिबलवर रेकॉर्ड केलेला, फोनमध्ये घ्या. आधी नेहमीचं गाणं लावून नॉब तुम्हाला हवा तेवढा करा. मग गाणं थांबवून कशालाही हात न लावता टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही पिना एकाच चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलला लावा. पीन चुकूनही डब्याच्या बॉडीला लावू नका, अशा ॲम्पमध्ये काळं टर्मिनल म्हणजे अर्थिंग नसतं. जो आकडा येईल त्याला चारनं गुणा. उणे १२ म्हणजे पाव व्होल्ट, म्हणून चार. त्याचा वर्ग करून ८ नं भागा, ते तुमचे वॅट. एकदा रात्री मोजा, एकदा माग सुरू असताना.

जुनी कॅसेट, कोल्हापूर

काकांनी सगळं सांगितलंय, फक्त आकडे वाचण्याबद्दल थोडं. लहानपणी घरी टू-इन-वन होता, त्यावर मोठ्या अक्षरात पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेल्या वॅटचा, आकडा होता आणि तो वाजायचा मात्र ५ वॅटचा. अमेरिकेत हाच गोंधळ झाला म्हणून १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला, की वॅट सांगायचे तर किती ओमला, कुठल्या फ्रीक्वेन्सीपासून कुठपर्यंत आणि किती डिस्टॉर्शनला (आवाज किती बिघडतो) हेही सांगा. पत्रकात '२० ते २०,००० हर्ट्झ, दोन्ही चॅनेल चालू, ८ ओम' असं असेल तो आकडा धरा. 'एक किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन' असेल तर तो क्लिपिंगमध्ये गेल्यानंतरचा आकडा आहे.

मागाशेजारी, सोलापूर

काका, मोजलं. डावाच स्पीकर लावून, कारण उजव्याचा ट्विटर अजून यायचाय.

रात्री साडेनऊ, माग बंद: १.९ व्होल्ट. चारपट ७.६, म्हणजे ७ वॅट.
दुसऱ्या दिवशी दुपारी, माग सुरू, नॉब त्या रविवारच्याच जागी: ४.२ व्होल्ट. चारपट १६.८, म्हणजे ३५ वॅट.

मी ॲम्पकडून ३५ मागत होतो आणि त्याच्याकडं २० होते. आकडा डोळ्यांनी बघितल्यावर त्या डब्याचा राग गेला.

मग तुम्ही न सांगितलेली एक गोष्ट करून बघितली. खुर्ची ३ मीटरवरून २ मीटरवर आणली आणि मागाच्या बाजूची खिडकी लावून घेतली. दुपारीच, तेच गाणं. आता ३.१ व्होल्टवर मन भरलं. म्हणजे १९ वॅट.

मग ॲम्प बदलायची गरज आहे का? असली तर किती वॅटचा?

जुना रेडिओवाला, सोलापूर

वा! पैसे न घालता ३५ चे १९ केलेत. हे आधी करायला हवं, आणि लोक शेवटी करतात.

तरी ॲम्प बदला. १९ लागतात आणि २० आहेत, म्हणजे काठोकाठ भरलेला तांब्या. पाहुणे आले, खिडकी उघडली की सांडलं. मी ३५ चाच आकडा धरतो आणि दुप्पट करतो. ८ ओमला ६० ते ८० वॅट, कोल्हापूरकर म्हणतात तशा अटींवर मोजलेले. ४ ओमला १०० च्या वर देतो का तेही बघा. तुमचा स्पीकर नावाला ८ ओम आहे, पण काही फ्रीक्वेन्सीला बहुतेक ८ ओमवाले ५ च्या खाली-वर उतरतात, तिथं करंट लागतो. ८ ला ७० आणि ४ ला पण ७०च असेल तर त्याचा पॉवर सप्लाय अशक्त आहे, सोडून द्या.

आपल्या गावाच्या दोन गोष्टी आहेत. एप्रिल-मे महिन्यात माझ्या दुकानात संध्याकाळी २०० व्होल्ट मोजलेत मी. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पमध्ये आतले व्होल्ट त्याच प्रमाणात पडतात आणि वॅट वर्गाच्या हिशोबानं. २३० ला १०० देणारा २०० ला ७५ देतो. दुसरं म्हणजे ऊन. बाहेर ४२-४३ असताना काचेच्या शोकेसमध्ये कोंबलेला क्लास एबीचा (क्लास डीपेक्षा जास्त तापणाऱ्या जातीचा) ॲम्प मी हात लावू शकलो नाही इतका तापलेला बघितलाय. वर चार बोटं मोकळी जागा सोडा, आणि त्यावर चादर घालू नका. धुळीसाठी म्हणून घालतात लोक.

३० हजारात नवा नाही मिळाला तर वापरलेला चालेल, पण घेण्याआधी नॉब फिरवून खरखर ऐका, आणि स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर घेऊ नका.

मागाशेजारी, सोलापूर

काका, काल पुण्याहून वापरलेला आणला, ८ ओमला ७० आणि ४ ओमला ११०, किंमत १८ हजार. डीसी डावीकडं १२ मिलिव्होल्ट, उजवीकडं ९. ट्विटर आज बसवला. दुपारी माग सुरू असताना तोच तबला सोलो लावला, खुर्ची २ मीटरवरच. चाट टणक वाजते आणि तिच्यामागं बायाची मींड शेवटपर्यंत ऐकू येते. ती या खोलीत मी पहिल्यांदाच ऐकली. बाबा मागावरून जेवायला आले होते, ते ताट हातात घेऊन दारातच उभे राहिले.

शोकेसची मागची फळी काढून टाकलीय. संध्याकाळी व्होल्ट मोजून कळवतो.