शेततळ्यातील पाण्यातून रात्रीपुरती वीज परत मिळवता येईल का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या उतारावर आमचे शेत आहे. खाली विहीर, तिच्या काठावर 5 एचपीचा सौरपंप आणि तिथून 25 मीटर उंचावर, माळावर, कागद अंथरलेले शेततळे अशी मांडणी आहे. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत विहिरीला पाणी भरपूर असते, परंतु भिजवण रोज नसल्यामुळे कितीतरी दिवस पॅनेल नुसती उन्हात उभी असतात, आणि रात्री वस्तीवर मात्र अंधार असतो.

गेल्या वर्षी फूटव्हॉल्व्ह (पाइपातले पाणी परत विहिरीत उतरू न देणारी तळाची झडप) खराब झाला होता. सायंकाळी पंप बंद पडला की पाइपातले पाणी उलटे उतरू लागे आणि मोटरचा पंखा थांबून, क्षणभराने उलट्या दिशेने चांगलाच वेगात फिरे. तेव्हापासून हा विचार डोक्यातून गेलेला नाही. पैठणला नाथसागरावर 12 मेगावॉटचा उलट-सुलट चालणारा (वीज वापरून पाणी वर चढवणारा आणि तेच पाणी खाली सोडून वीज करणारा) संच 1984 पासून आहे, घाटघरला 250 मेगावॉटचा तसाच प्रकल्प आहे. तत्त्व तेच आहे.

माझा हिशेब असा: दिवसभरात दीड लाख लिटर पाणी वर गेले, तर त्यात सुमारे 10 युनिट ऊर्जा साठते. लहान पंप उलटा चालवून निम्मी जरी परत मिळाली, तरी 5 युनिट, म्हणजे 150 अँपिअर-अवरच्या जवळपास तीन बॅटऱ्यांइतकी वीज होते. एका मित्राने विहिरीत दगड सोडून वीज करण्याचे सुचवले होते, पण एक टन दगड 18 मीटर उतरल्यास जेमतेम 0.05 युनिट हाती लागते, म्हणून तो मार्ग मी सोडून दिला.

जाणकारांना विचारायचे ते हे, की साध्या थ्री-फेज मोटरला जनरेटर म्हणून चालवताना जे कपॅसिटर लावावे लागतात, त्यांची क्षमता कशी ठरवावी? वस्तीवरचे दिवे एकदम बंद केले, तर भार सुटून मोटरचा वेग आणि व्होल्टेज वाढेल; ती जादा वीज पाणी तापवण्याच्या कॉइलवर वळवणे पुरेसे आहे का? सौरपंपाला हात न लावता यासाठी जुना मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला संच) वेगळा बसवावा, असे मला वाटते. आणि 3 इंची पाइपात घर्षणाने किती उंची वाया जाईल? पाइपाची लांबी 120 मीटर आहे.

कोणी असा प्रयोग स्वतः केला असल्यास कृपया सविस्तर लिहावे. नवा पाइप मी त्यानंतरच खरेदी करीन.