अनुभव धागा: पोकेमॉन ॲनिमेतले न पटणारे निकाल, गेमचे नियम लावून

हिंदी डबमधून पोकेमॉन बघत मोठ्या झालेल्यांच्या गप्पांमध्ये "हे गेममध्ये शक्यच नाही" हे वाक्य हमखास येतं. बऱ्याचदा ते खरं असतं, पण काही वेळा साफ चुकीचंही असतं. म्हणून या धाग्यावर प्रत्येकानं एकेक लढत घ्यावी, गेमचा नेमका कोणता नियम मोडला ते सांगावं आणि शक्य असेल तिथे आकडेमोड करून दाखवावी. लहानपणीच्या आठवणी दुसऱ्या धाग्यावर लिहा, इथे फक्त लढती. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

सगळ्यांची गणितं जुळावीत म्हणून एकच पद्धत ठेवू. दोन्ही बाजू लेव्हल 50, आयव्ही (जन्मजात गुण) 31, ईव्ही (सरावानं मिळवलेले गुण) शून्य, नेचर (स्वभाव) तटस्थ. या लेव्हलला एचपी (जीवशक्ती) काढताना बेस एचपीची (त्या जातीच्या मूळ आकड्याची) दुप्पट अधिक 31, त्याचे निम्मे, अधिक 60. बाकी स्टॅटला (अटॅक, डिफेन्स, स्पीड वगैरे) 60 ऐवजी 5 मिळवायचे. मार काढताना 22 × मूव्हची पॉवर × अटॅक ÷ डिफेन्स, त्याला 50 नं भागून 2 मिळवायचे. त्यावर 0.85 ते 1 मधला यदृच्छ गुणक (सोळा शक्यता), मग मूव्ह (चाल) स्वतःच्या टाइपची (प्रकाराची) असेल तर दीडपट, आणि शेवटी समोरच्याच्या टाइपनुसार येणारा गुणक. अपूर्णांक प्रत्येक पायरीला सोडून द्यायचा. आकड्यांत चूक होते ती बहुतेक इथेच, कारण लोक सगळा गुणाकार करून शेवटी एकदाच अपूर्णांक सोडतात.

वीजवाहक

सुरुवात जिम लीडर ब्रॉकच्या ओनिक्सपासूनच व्हायला हवी. ओनिक्स रॉक आणि ग्राउंड टाइपचा आहे. ग्राउंडवर इलेक्ट्रिक मूव्हचा गुणक शून्य असतो. शून्य म्हणजे थोडं कमी नव्हे, काहीच नाही. ॲनिमेत नायक ॲशच्या पिकाचूला पाणचक्कीच्या जनित्रावर जास्तीची वीज भरतात. पण शून्यानं काहीही गुणलं तरी शून्यच, त्यामुळे हा उपाय गेममध्ये निरुपयोगी आहे. पुढे आगीमुळे छतावरचे फवारे सुरू होतात, ओनिक्स भिजतो आणि वीज लागते. पहिल्या पिढीच्या (म्हणजे गेमच्या पहिल्या संचाच्या) गेममध्ये 'भिजलेला' अशी अवस्थाच नाही.

तरी या दृश्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. 2010 च्या पाचव्या पिढीत सोक नावाची मूव्ह आली. ती लागली की समोरच्याचा टाइप निव्वळ वॉटर होतो. म्हणजे डबल बॅटलमध्ये (दोघांविरुद्ध दोघं) जोडीदारानं ओनिक्सवर सोक टाकली, तर ग्राउंडचं संरक्षण जातं आणि पिकाचूचा मार थेट दुप्पट बसतो. ॲनिमेनं 1997 मध्ये दाखवलेली कल्पना गेममध्ये तेरा वर्षांनी नियम होऊन आली.

बाकी ॲश ती लढत पूर्ण करतच नाही, मध्येच थांबतो आणि ब्रॉक नंतर बॅज आणून देतो. त्यामुळे 'पिकाचूनं ओनिक्सला हरवलं' हे वाक्यच तंतोतंत खरं नाही.

बटरफ्रीवाली

पहिल्या पिढीतला यलो हा गेम खेळताना पिकाचूवर ब्रॉक कसा काढायचा हे नव्यांनी नेहमी विचारलेलं असतं, म्हणून इथेच लिहिते. पिकाचूला बाजूला ठेवा. दोन वाटा आहेत.

पहिली बटरफ्रीची: व्हिरिडियन जंगलात कॅटरपी पकडा. लेव्हल 7 ला त्याचा मेटापॉड होतो, 10 ला बटरफ्री. यलोमध्ये तो 10 लाच कन्फ्यूजन शिकतो. ओनिक्सचा डिफेन्स 160 असला तरी स्पेशल फक्त 30 आहे आणि कन्फ्यूजनचा मार त्याच कमकुवत बाजूनं जातो. दुसरी मँकीची: व्हिरिडियनच्या पश्चिमेला रूट 22 वर मिळतो, 9 ला लो किक शिकतो. ती रॉकवर दुप्पट लागते आणि स्वतःच्या टाइपची असल्यानं आणखी दीडपट, पण जाऊन आदळते त्या 160 च्या भिंतीवर. त्यामुळे दोन्हींचा मार जवळपास सारखाच बसतो. फरक नेमाचा: कन्फ्यूजनचा 100, लो किकचा 90.

चूक होते ती बाइडपाशी. ओनिक्स बाइड सुरू करून दोन-तीन टर्न गप्प बसतो आणि त्या काळात जेवढं सोसलं त्याच्या दुप्पट परत करतो. तो गप्प असताना मारत सुटलात तर तुमच्याच माराने तुम्ही पडता. एचपी कमी असेल तर त्या टर्नांत पोशन वापरून घ्या. ब्रॉककडे एकही रॉक मूव्ह नाही, त्यामुळे फ्लाइंग असूनही बटरफ्रीला तिथे भीती नाही.

शिंगाचा प्रश्न

ओनिक्सला निदान पाण्याचं निमित्त होतं. जिम लीडर ब्लेनच्या रायडॉनच्या वेळी तेही नाही. "शिंगावर नेम धर" असं ॲश सांगतो, वीज शिंगातून आत जाते आणि रायडॉन आडवा. रायडॉनही ग्राउंड आणि रॉक, म्हणजे गुणक पुन्हा शून्य.

माझ्या मते या मालिकेतला सर्वांत उलटा निकाल हाच. 2002 च्या तिसऱ्या पिढीत क्षमता (पोकेमॉनचे अंगभूत गुण) आल्या तेव्हा रायडॉनला मिळाली लाइटनिंग रॉड, म्हणजे तडितरक्षक. सुरुवातीला ती डबल बॅटलमध्ये वीज आपल्याकडे ओढून जोडीदाराला वाचवायची. पाचव्या पिढीपासून तर वीज लागली की मार शून्य आणि वर स्पेशल अटॅक एका पायरीनं वाढतो. म्हणजे ॲशनं नेम धरला तो नेमका त्या भागावर, ज्याच्यामुळे रायडॉनला दुसऱ्यांदा संरक्षण मिळतं.

सर्जचा रायचू

सगळेच निकाल खोटे नाहीत. लेफ्टनंट सर्जच्या रायचूला पिकाचू वेगावर हरवतो आणि कारण दिलं जातं की पिकाचूचं पुढचं रूप असलेल्या रायचूला फार लवकर इव्हॉल्व्ह केल्यामुळे (रूप बदलल्यामुळे) तो वेगाच्या मूव्ह शिकलाच नाही. हे कारण शंभर टक्के गेमचं आहे. थंडर स्टोन लावला की रायचू लेव्हलनं काहीच नवीन शिकत नाही. रेड-ब्लूमध्ये पिकाचू क्विक अटॅक 16 ला आणि अजिलिटी 33 ला शिकतो. घाई केली तर अजिलिटी कायमची हुकली. बेस स्पीड रायचूचा 100, पिकाचूचा 90, म्हणजे नुसता वेग पिकाचूकडे नाही. पण क्विक अटॅक नेहमी आधी लागते आणि एका अजिलिटीनं स्पीड दुप्पट होतो. दगड कधी लावायचा याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक ॲनिमेत नाही.

हॉन्टरचा मित्र

सब्रिनाच्या जिममध्ये घोस्ट टाइपचा हॉन्टर लढतच नाही, तिला हसवतो आणि बॅज मिळतो. यावर लोक चिडतात. पण पहिल्या पिढीत हॉन्टर लढला असता तर काय झालं असतं ते पाहा. त्या जिममधला एक ट्रेनर सांगतो की सायकिक टाइप फक्त घोस्ट आणि बगला घाबरतात. प्रोग्राममध्ये मात्र घोस्टचा सायकिकवरचा गुणक चुकून शून्य ठेवला गेला. शिवाय हॉन्टर पॉइझनही आहे, त्यामुळे सायकिक मूव्ह त्याला दुप्पट लागते. म्हणजे त्याचा मार शून्य आणि त्याच्यावरचा दुप्पट. चूक दुरुस्त झाली ती 1999 च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये. तोवर हसवण्याहून चांगली चाल हॉन्टरकडे नव्हती, हे मी गंभीरपणे म्हणतोय.

थंडर आर्मर

टेट आणि लिझाच्या जिममध्ये पिकाचूची थंडर ॲशच्याच स्वेलोवर पडते, स्वेलो सोनेरी कवचात झळकतो आणि लुनाटोन-सोलरॉकना भारी पडतो. डबल बॅटलमध्ये जोडीदारावर मूव्ह टाकता येते, इथवर ठीक. पण स्वेलो फ्लाइंग आहे. 120 पॉवरची थंडर त्याला दुप्पट लागणार आणि त्याची लढत तिथेच संपणार.

कवच मुळीच नाही, पण एक धागा जुळतो. थंडरनं 30 टक्के वेळा पॅरालिसिस होतं आणि स्वेलोची क्षमता आहे गट्स: अशी कुठलीही बाधा झाली की अटॅक दीडपट. विजेमुळे स्वेलो बळकट होणं गेममध्ये आहे, फक्त तो झटका आधी सोसायला हवा. आणि तिसऱ्या पिढीत पॅरालिसिसनं स्पीड पावपट होतो, म्हणून खेळणारे गट्ससाठी विजेपेक्षा विषबाधा किंवा भाजणं पत्करतात.

वीजवाहक

सिनोह लीगमध्ये ॲशला हरवणाऱ्या टोबायसबद्दल कुणी लिहिणार आहे का? नसेल तर थोडक्यात. त्याच्या एकट्या डार्करायनं हेराक्रॉस, टॉर्कोल, गिबल घालवले, मग सेप्टाइलनं त्याला पाडलं, स्वेलो टोबायसच्या लातिओससमोर पडला आणि शेवटी पिकाचू व लातिओस एकदमच आडवे. चौथ्या पिढीत डार्करायच्या झोपवणाऱ्या डार्क व्हॉइडचा नेम 80, आणि झोपलेल्याचा दर टर्नला एक अष्टमांश एचपी त्याची बॅड ड्रीम्स ही क्षमता खाते. सेप्टाइलची लीफ ब्लेड आपल्या पद्धतीनं डार्करायला जास्तीत जास्त 58 लागते, त्याचे एचपी 145. म्हणजे ताज्या डार्करायला तीन वार हवेत. आधीच्या तिघांनी काही मार केला असेल तर दोनमध्ये भागेल. अशक्य नाही.

एकदम आडवं पडणंही बसतं. व्होल्ट टॅकल मारणाऱ्याला दिलेल्या माराच्या एक तृतीयांश उलटी लागते. शेवटचा घाव आणि ही परतफेड एकाच टर्नात झाली तर दोघंही जातात.

मला खटकतं ते वेगळंच. गेमच्या बॅटल टॉवरमध्ये डार्कराय चालतच नाही, लातिओस चालतो. लीगनं निदान तो नियम पाळायला हवा होता.

युनोव्हाची सल

युनोव्हा लीगमध्ये ॲशचा प्रतिस्पर्धी कॅमेरॉन सहाच्या लढतीला पाचच पोकेमॉन घेऊन येतो आणि तरी जिंकतो. त्याचा रिओलू ऐन लढतीत लुकारिओ होतो. बेस स्टॅटची बेरीज 285 वरून 525. गेममध्ये रिओलू मैत्री वाढलेली असताना, दिवसा, लेव्हल वाढल्यावर आणि लढत संपल्यावर इव्हॉल्व्ह होतो. मध्येच नाही. या निकालाला मला कुठलाही आधार सापडत नाही.

अलेनची बाजू

आता सर्वांत जास्त शिव्या खाल्लेला निकाल. ऑगस्ट 2016, कालोस लीगचा अंतिम सामना, ॲश-ग्रेनिंजा विरुद्ध अलेनचा मेगा चॅरिझार्ड एक्स. "पाणी आगीसमोर कसं हरतं?" हा प्रश्नच चुकीचा आहे. मेगा चॅरिझार्ड एक्स फायर आणि ड्रॅगन आहे. वॉटर फायरवर दुप्पट, ड्रॅगनवर निम्मं, म्हणजे एकपट.

सातव्या पिढीचे आकडे घेतले. बेस बेरीज ग्रेनिंजाची 640, चॅरिझार्डची 634. पण ग्रेनिंजाचा डिफेन्स 67, चॅरिझार्डचा 111. लेव्हल 50 ला एचपी 147 आणि 153. वॉटर शुरिकेन बॅटल बाँड या क्षमतेमुळे 20 पॉवरचे तीन वार करते, तिन्ही मिळून जास्तीत जास्त 72. म्हणजे तीन टर्न हवेत. ग्रेनिंजाच्या इतर मूव्ह पाहा: कट 29, एरियल एस 35, आणि डबल टीमनं मार काहीच नाही. इतका स्पेशल अटॅक असलेल्या पोकेमॉनला हा संच देणं हीच खरी चूक.

उलट बाजूला थंडर पंच. टफ क्लॉज या क्षमतेमुळे तिची पॉवर 75 वरून 98 होते, वॉटरवर दुप्पट, मार 128 ते 152. सोळातल्या तीन शक्यतांत ग्रेनिंजा एकाच ठोशात जातो. ब्लास्ट बर्न एकटी त्याला पाडू शकत नाही, 69 ते 82 च लागते, आणि नंतरचा टर्न वाया जातो. पण आधी एक थंडर पंच बसली असेल तर काम नक्की होतं. शुरिकेन नेहमी आधी लागते हे धरूनही दुसऱ्या टर्नला ग्रेनिंजा पडतो आणि चॅरिझार्डकडे थोडे एचपी उरतात.

बटरफ्रीवाली

अलेनच्या हिशोबात ब्लास्ट बर्नचा नेम 90 आहे हे राहिलं. दहातून एकदा ती हुकते, मग शुरिकेनला तिसरा टर्न मिळतो आणि निकाल फिरतो. बाकी मान्य.

कोकोचा हिशोब

याच पद्धतीनं टापू कोको. दोन झेड-मूव्ह (लढतीत एकदाच वापरता येणाऱ्या जबर मूव्ह) भिडतात आणि पिकाचू जिंकतो. टोपीवाल्या पिकाचूच्या खास झेड-मूव्हची पॉवर 195. कोको इलेक्ट्रिक असल्यानं निम्मी लागते. गंमत अशी की कोको मैदानात येताच पसरणारं इलेक्ट्रिक टेरेन पिकाचूलाही दीडपट देतं. तरीही जास्तीत जास्त 72, क्रिटिकल (मर्मावरचा दीडपट घाव) लागली तर 108. कोकोचे एचपी 145. आधीच्या मारानं कोको खाली आला असेल तरच हे जमतं.

पिकाचू उभा राहतो हे मात्र पूर्ण नियमात आहे. कोकोची गार्डियन ऑफ अलोला उरलेल्या एचपीच्या 75 टक्के घेते. उरलेल्याच्या, एकूणच्या नाही. त्यामुळे ती कितीही भयंकर दिसली तरी एकटी कुणाला पाडूच शकत नाही.