डभईत जुनं घर, बडोद्याला रोज अप-डाउन: माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई-बाबांसाठी डभईत घर बघते आहे. तिथे राहणाऱ्या किंवा तिथून बडोद्याला अप-डाउन करणाऱ्या कोणाशी तरी बोलल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाहीये.

आम्ही दांडिया बाजारात एका जुन्या वाड्यात भाड्याने राहतो. वाडा आता विकला जातोय. आईच्या गुडघ्यांना जिना सोसत नाही आणि बडोद्यात तळमजल्याचं, अंगणाचं घर आमच्या ऐपतीत बसत नाही. डभई तीसेक किलोमीटरवर. गरुडेश्वरचा रस्ताही तिथूनच जातो आणि टेंब्ये स्वामींच्या समाधीचं दर्शन हा आईचा वर्षानुवर्षांचा नेम, त्यामुळे ती एका पायावर तयार आहे.

घर हिरा भागोळीजवळ, म्हणजे डभईच्या जुन्या कोरीव वेशीच्या दरवाजाजवळ आहे. बाहेर दगडी ओटा, आत ओसरी, मागे परसात पारिजातक. लाकडी खांब ठोकून बघितले, ठणठणीत आहेत. संडास मात्र परसाच्या टोकाला, उकिडवं बसायचा. आईला ते शक्यच नाही, म्हणजे कमोड बसवणं आलं आणि खरा पेच तिथेच आहे. हिरा भागोळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. 2010 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अशा वास्तूच्या हद्दीपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, डागडुजीलाही आधी परवानगी लागते. त्यापुढच्या 200 मीटरांत बांधायचं तर परवानगी हवीच. हे घर नजरेच्या अंदाजाने 100 च्या आतलंच वाटतं. दलाल म्हणतो, "बेन, इथे सगळेच करतात." मला तसं करायचं नाही. तेराव्या शतकातलं ते कोरीवकाम आजवर टिकलंय, त्याच्या शेजारी चोरून भिंत उभी करून आई-बाबांना तिथे ठेवायला मन धजत नाही.

म्हणून विचारते: ओसरीलगतच्या कोठीच्या खोलीतच आतल्या आत संडास-बाथरूम केलं, बाहेर एक वीटही वाढवली नाही, तर ते दुरुस्तीत धरतात का? ड्रेनेजसाठी परसात खोदावं लागेल, त्याचं काय? अंतर दरवाजापासून मोजतात की लगतच्या तटापासून? परवानगी काढलेलं कोणी असेल तर कागद कोणते लागले, किती महिने गेले, हे सविस्तर लिहा.

दुसरं माझ्या नोकरीचं. मी मकरपुऱ्यात कामाला आहे, सुटायला रात्रीचे आठ होतात. 2021 मध्ये डभईमार्गे केवडियापर्यंत ब्रॉडगेज झाल्यापासून बडोद्याच्या प्रतापनगर स्टेशनहून गाडीची सोय आहे, पण उशीर झाला तर एसटी किंवा शटल मिळते का? बाईमाणसाने त्या वेळी एकटीने यावं असा रस्ता आहे का? पावसाळ्यातलंही सांगा.

बाबांना हृदयाचा त्रास आहे. रात्री-अपरात्री 108 किती वेळात येते, हे तिथल्यांकडूनच कळेल.

आणि मराठी घरं आहेत का हो तिथे? 1731 मध्ये बाजीराव आणि त्रिंबकराव दाभाडे डभईपाशीच लढले, हे बाबा आल्यागेल्याला रंगवून सांगतात. संध्याकाळी ओट्यावर बसून ऐकणारं कोणी भेटलं तर त्यांचं मन रमेल.

बानाखतासाठी (खरेदीच्या आधीच्या करारासाठी) मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहेत. परवानगीचं उत्तर त्याआधी मिळालं तर फार मदत होईल.