जग बुडालं, पडवीत एकच वस्तू न संपणारी. तुम्ही काय मागाल?

गणपतीत भावंडं जमली की पत्त्यांचा कंटाळा आल्यावर आमच्याकडे असले खेळ निघतात. यंदाचा असा: जग बुडालं. रस्ते, रेल्वे, वीज, दुकानं, रेशन सगळं ठप्प. तुमच्या पडवीच्या कोपऱ्यात एकच वस्तू, कितीही उपसा, संपत नाही. कुठली?

चाकरमान्यांनी पाच मिनिटांत तांदूळ, पेट्रोल, बिसलेरी म्हणून टाकलं. गाववाले गप्प. मग काकू म्हणाली, "निसर्ग वादळाच्या वेळी काय मिळत नव्हतं ते आठवा, आणि ते मागा." तिथून खेळाचा नूर पालटला आणि रात्री दोनपर्यंत भांडणं चालली.

म्हणून इथेही तीच अट. भोगलेलं खाली प्रतिक्रियेत लिहा. पैसा-सोनं नको. वीज मागितलीत तर चालेल, पण तारा आणि बल्ब मिळणार नाहीत. आणि वर्षात पावसाळा येतोच, हे धरून चाला.

माझं उत्तर काडेपेटी. ३ जून २०२० ला वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. आम्ही दापोलीकडचे, तरी पडवीचे पत्रे गेले आणि पावसाळ्यासाठी रचलेली लाकडं भिजून चिंब झाली. गॅस संपल्यावर चूल. ओल्या लाकडाला एक काडी पुरत नाही. त्यात घरातली काडेपेटीही सर्दावलेली, गुल नुसतं पिठासारखं निघून यायचं. शेवटी नारळाच्या सुक्या झावळ्या घरात आणून त्यांच्यावर भागवलं.

राजापूर, वय सत्तरीपुढे

काडेपेटी कशाला? आमच्या लहानपणी घरातला विस्तव विझतच नसे. रात्री नारळाचं सोडण, म्हणजे वरचं केसाळ साल, पेटवून राखेत पुरायचं, सकाळी राख बाजूला सारली की आत निखारा तयार. विझलाच तर करवंटी घेऊन शेजारी पळायचं. शेजाऱ्याशी भांडण असलं तरी विस्तवाला नाही म्हणत नसत. तुमची वस्तू फुकट गेली, दुसरी मागा.

दिवेआगर, सुपारीची वाडी होती

होती म्हणालो, कारण वादळानंतर उभी झाडं कमी आणि आडवी जास्त होती. रोठा सुपारी लावली तर पीक यायला सहा-सात वर्षं जातात.

पण सांगायचं आहे ते विहिरीचं. विहीर तुडुंब भरलेली, पाणी गोड, आणि घरात प्यायला थेंब नाही. पंप आल्यावर राहाट काढून टाकला होता, दोर कधीच सडून गेला होता. गावात कितीतरी आठवडे वीज नव्हती. कोणी जनरेटर गाडीवर घालून घरोघर फिरायचा, टाकी भरून द्यायचे पैसे घ्यायचा, वर मोबाइल चार्जिंगचे वेगळे. आम्ही गुरांचे दावे एकमेकांना बांधून कळशी सोडली. गाठ सुटली आणि कळशी तळाला. मग गळ टाकून कळशी काढायचा कार्यक्रम.

मला नायलॉनचा दोर द्या, हवा तेवढा. कोणी म्हणेल, नारळ आहेत तर काथ्याचा वळा. अहो, त्यासाठी सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन् महिने कुजवावी लागतात, मग बडवायची, मग वळायचा. तोवर तहानेने मेलो. दोर असला की पाणी निघतं, छपराला ताडपत्री बांधता येते, झाडावरून नारळ उतरवता येतात, होडी बांधता येते.

ठाणे (मूळ गाव गुहागर)

अमर्याद डेटा पॅक. 😀

दिवेआगर, सुपारीची वाडी होती

टॉवर आधी आडवे होतात, दादा. आमच्याकडे मुंबईच्या मुलाला "सगळे सुखरूप" एवढं कळवायला लोक मोटारसायकल काढून रेंज शोधत घाटापर्यंत गेले.

चिपळूण, बाजारपेठेजवळ

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून वाढत गेलं, सकाळी तळमजला बुडालेला. आम्ही माळ्यावर. चहूकडे पाणी आणि प्यायला नाही, ही परिस्थिती ज्याने पाहिली त्याला हा खेळ वाटत नाही. पूर ओसरला तरी विहिरीत काय काय गेलं होतं ते लिहीत नाही. शौचालयांच्या टाक्या, मेलेली जनावरं, दुकानांतली औषधं, एवढं पुरे.

माझी मागणी टीसीएल, म्हणजे पाणी जंतुमुक्त करायची ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टाकतो ती. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे एक पोतं गावाला किती काळ पुरेल बघा. पण त्यात मेख आहे. ही पावडर ठेवून ठेवून तिचा दम जातो, आणि आपल्या दमट हवेत तर लवकरच. साठा करून उपयोग नाही. म्हणूनच अमर्याद आणि ताजी मिळणार असेल तर तीच मागेन. पाणी उकळा म्हणणाऱ्यांनी चिखलात लोळलेली लाकडं पेटवून दाखवावी.

रत्नागिरी तालुका, आरोग्य सेविका

चिपळूणकरांना अनुमोदन. पुरानंतर जुलाब येतात, पाठोपाठ लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुताने घाण झालेल्या पाण्यातून येणारा ताप. जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी: लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखर नसेल तर मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज. म्हणजे मीठ लागतंच.

तरीही मी साप चावल्यावर टोचायची लस मागणार. आमच्या कातळावर फुरसं किती, ते भातकापणीला वाकणाऱ्या बाईला विचारा. विंचवाला निदान महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी दाखवून दिली, फुरशाला लशीशिवाय इलाज नाही. आणि लस कोणी घरी बनवू शकत नाही, घोड्यांपासून तयार होते ती.

श्रीवर्धन तालुका, एक आई

बाकीच्यांचं वाचून मजा वाटली. माझं उत्तर ठरलेलं आहे. मुलाला टाइप १ मधुमेह आहे. मला इन्सुलिन.

वादळात फ्रीज बंद पडला तेव्हा दोन मडकी घेतली, मोठ्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, आत कुप्या, वर ओलं फडकं. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत हवी, उघडलेली बाहेर साधारण चार आठवडे चालते, तीही तापमान तिशीच्या आत असेल तर. मी दिवसभर त्या मडक्यात हात घालून बघायचे. थंड लागलं की जीव भांड्यात पडायचा, उन्ह पडलं की पुन्हा धाकधूक. औषधाच्या दुकानापर्यंत रस्ता मोकळा व्हायच्या आधी नवरा पडलेल्या झाडांवरून चढून-उतरून चालत गेला होता.

पडवीत रोज ताजी कुपी येणार असेल तर फ्रीज नको. सिरिंज पूर्वी काचेच्या असत, उकळून वापरत, तसं करू. १९२२ मध्ये पहिल्या मुलाला इन्सुलिन टोचलं, त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून काही दिवस जास्त जगवत. बाकी तांदूळ, दोर, काडी तुम्ही सगळे आणाल, एवढं गृहीत धरते.

मालवण, मासळीचा व्यवसाय

ताई, दोर-काडी-मासळी सगळं पोचेल, काळजी नको.

आता माझं. इथे कोणी मीठ का मागत नाही? दारात समुद्र आहे म्हणून? उन्हाळ्यात ठीक. रायगडकडे बोंबील मीठ न लावताच वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, सुकतो. पण ऑगस्ट-सप्टेंबरात बांगडा येतो तेव्हा ऊन कुठलं? तीन-चार किलो मासळीला किलोभर मीठ लागतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत टाकायची वेळ. बर्फ तर वीज गेली तेव्हाच गेला. आमसुलांना मीठ, खारातल्या आंब्याला मीठ, फणसाच्या गऱ्यांना मीठ. पावसाळ्यात आपण जे खातो त्यातलं निम्मं मिठानेच टिकलेलं असतं. माझी आजी म्हणायची, "मीठ आसा तर नुसती पेजय गोड लागता."

राजापूर, वय सत्तरीपुढे

मग समुद्राचं पाणी आटवा की. शिरोड्याला १९३० मध्ये लोकांनी मिठासाठी काठ्या खाल्ल्या, तुम्हाला भांडं चुलीवर ठेवणं जड?

मालवण, मासळीचा व्यवसाय

आजोबा, लिटरभर पाण्यात जेमतेम ३५ ग्रॅम मीठ. किलोभरासाठी तीस लिटर पाणी आटवायचं, म्हणजे लाकडाचा भारा गेला. पावसात खाडीच्या तोंडाशी तर पाणी अर्धं गोडंच असतं. शिरोड्याची मिठागरंही उन्हाळ्यातच पिकतात. तुमच्या निखाऱ्यावर एका सारापुरतं मीठ होईल, बांगड्याच्या टोपलीपुरतं नाही.

चिपळूण, बाजारपेठेजवळ

मालवणकर, मीठ इकडे पाठवणार कसं? हायवे बंद धरलाय.

मालवण, मासळीचा व्यवसाय

समुद्राने दाभोळ, तिथून खाडीने आत गोवळकोट. पूर्वी मालाच्या होड्या तिथपर्यंत यायच्याच. भरती धरून वर यायचं, ओहोटीला परत. शिडाला कापड आहे आमच्याकडे. दिवेआगरकरांनी दोर दिला तर दिवाळीनंतर समुद्र शांत झाल्यावर निघतो, पावडर तयार ठेवा. आणि श्रीवर्धनच्या ताईंचं गाव वाटेवर नाही, तरी तिथे आधी जाऊ.