मदत हवी आहे: पत्रिका-चाचणीत किती गुण म्हणजे यश?

डॉ. जयंत नारळीकरांच्या चाचणीत २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद हे सांगितलं होतं. सर्वाधिक बरोबर उत्तरं २४. तशीच छोटी चाचणी आम्ही कॉलेजात घेतोय, पण प्रश्न वेगळा: लग्न झालं की नाही?

साठीपुढच्यांच्याच २० पत्रिका जमवल्या, १० विवाहित, १० अविवाहित. जन्मवेळ लेखी असलेल्याच घेतल्या. "पहाटे, धारा काढायच्या वेळी" अशा बऱ्याच सोडाव्या लागल्या, जिवावर आलं. नावं झाकलीत. दोन ज्योतिषी मनापासून तयार आहेत, त्यांना न्याय मिळायलाच हवा. आणखी पत्रिका मिळणं कठीण.

२० पैकी किती बरोबर आली तर तो निव्वळ योगायोग नाही म्हणायचं? आणि निम्मे-निम्मे आहेत हे त्यांना आधी सांगावं का?